जोरावरसिंह तिबेटात का थांबला? रसदीच्या हिशेबातून एक उत्तर

एका तरुण वाचकाने तीन प्रश्न एकदम विचारले आहेत. जनरल जोरावरसिंह कहलूरियाने पाचेक हजार माणसे घेऊन लडाख, बल्तिस्तान आणि पश्चिम तिबेट कसे गाठले? सात वर्षे हिमालयात लढलेला हा माणूस 1841च्या डिसेंबरात मानसरोवराच्या दक्षिणेला अडकून मारला गेला, तो फाजील आत्मविश्वासामुळे का? आणि येत्या जूनमध्ये लेहला जायचे आहे, तर या मोहिमेतले तिथे काय पाहता येईल?

माझी नोकरी लष्कराच्या पुरवठा विभागातली, आणि तिचा बराच काळ लडाखमध्ये गेला. त्यामुळे माझे उत्तर पीठ, सरपण, तट्टे आणि खिंडी यांच्या हिशेबातून येणार. मुख्य मुद्दा आधीच सांगून टाकतो. जोरावरसिंहाला हिवाळा कळत नव्हता, असे सर्रास लिहिले जाते. ते मला मुळीच पटत नाही. हिवाळ्याच्या तोंडावर आणि भर हिवाळ्यात त्याने आधी दोनदा बाजी मारली होती. पण ते दोन्ही हिवाळे बऱ्याच खालच्या खोऱ्यांतले होते. तिबेटातला हिवाळा त्याहून हजार-दीड हजार मीटर वरचा होता, आणि त्या फरकाने त्याचे सगळे गणित उलटले.

तो मूळचा कोण, हे इथे महत्त्वाचे आहे. जन्म अठराव्या शतकाच्या शेवटच्या पावात, कहलूर म्हणजे आजच्या हिमाचलातल्या बिलासपूरच्या संस्थानात. पुढे तो जम्मूच्या गुलाबसिंहाच्या चाकरीत रियासीच्या किल्ल्यावर आला. तिथे त्याने धान्यवाटपातली नासाडी पाहिली आणि ती थांबवण्याची योजना गुलाबसिंहापुढे मांडली. योजना चालली, बचत झाली, आणि जम्मूच्या उत्तरेकडच्या सगळ्या किल्ल्यांचा पुरवठा त्याच्या हाती आला. त्यानंतर त्याला किश्तवाडचा कारभार मिळाला. म्हणजे हा सेनापती कोठारातून वर आलेला होता. किती माणसांना किती दिवस किती शिधा लागतो, हे त्याला तलवारीइतकेच नेमके ठाऊक होते. त्याला ‘भारताचा नेपोलियन’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. मला ती आवडत नाही, कारण त्या उपाधीने त्याचा हा खरा गुण झाकला जातो.

मोहिमेचे कारण लोकर. काश्मिरी शालींसाठी लागणारी पश्म ही पूर्व लडाख आणि पश्चिम तिबेटातल्या चांगथांगच्या पठारावरच्या बकऱ्यांची आतली मऊ लव. 1684च्या तिंगमोसगांगच्या तहापासून पश्चिम तिबेटातली ही लोकर फक्त लडाखमार्गे काश्मीरला जायची असे ठरलेले होते. गुलाबसिंह हा लाहोरच्या रणजितसिंहाचा मांडलिक, आणि काश्मीर थेट लाहोरच्या सुभेदाराकडे. लडाख हाती आला तर लोकरीच्या वाटेचे नाके जम्मूच्या ताब्यात येणार होते. लडाखच्या राजाने 1821 मध्ये मूरक्रॉफ्ट या इंग्रज प्रवाशामार्फत कंपनीचे संरक्षण मागितले होते, पण कंपनीने ते नाकारले. आता लडाखच्या पाठीशी कुणीही मोठा धनी उरला नव्हता.

1834च्या उन्हाळ्यात किश्तवाडहून चार-पाच हजारांची फौज निघाली. किश्तवाडची उंची साधारण 1,640 मीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या कळसूबाईच्या माथ्याएवढी. आपल्याकडची सर्वांत उंच जागा जिथे संपते, तिथून या मोहिमेची पहिली चढण सुरू होते. मारवा-वाडवनच्या खोऱ्यातून वर जाऊन साडेचार हजार मीटरच्या आसपासची भोटकोल खिंड ओलांडायची आणि सुरू नदीच्या खोऱ्यात उतरायचे, असा तो मार्ग. झोजी ला त्याहून सोपी, पण ती वाट काश्मीरच्या सुभेदाराच्या हद्दीतून जाते. स्वतःच्या मुलखातून, कुणालाही न विचारता जाता येईल अशी वाट त्याने निवडली. लडाखी लोकांना त्या दिशेने फौज येईल अशी कल्पना नव्हती.

16 ऑगस्टला सांकूजवळ पहिली लढाई झाली. मग तो पश्कुम आणि सोदपर्यंत गेला. तोवर शरद ऋतू सरत आला, आणि लडाखचा मंत्री बांका कहलोन मोठा जमाव घेऊन त्याच्या पिछाडीला येऊ लागला. जोरावरसिंहाने इथे जे केले, त्यात मला त्याची सर्वांत चांगली समज दिसते. लेहकडे जाण्याचा हट्ट त्याने सोडला, सुरू खोऱ्यात लांगकर्त्सेला मागे आला आणि तिथेच हिवाळा काढला. का? ते खोरे साधारण 3,000 मीटरवरचे आहे. तिथे जव पिकतो, विलो आणि पॉप्लरची झाडे आहेत, दगडामातीची घरे आहेत, सपाट छतांवर वैरण रचलेली असते. गावच्या प्रमुखाशी जमवून घेतले की फौजेला छप्पर, दाणा आणि सरपण तिन्ही मिळते. वसंतात लडाखी फौज चालून आली, तेव्हा त्याची माणसे खाऊनपिऊन तयार होती. लडाखी मोडले. पळताना नदीवरचा बर्फाचा पूल खचून त्यांची अनेक माणसे बुडाली. 1835 मध्ये बाझगो इथे राजा त्सेपाल नामग्याल शरण आला. 50,000 रुपये युद्धखर्च आणि वर्षाला 20,000 रुपये खंडणी ठरली.

याच काळात डॉ. हेंडरसन नावाचा एक इंग्रज लेहमध्ये येऊन पोचला होता. लडाखी दरबाराने त्याला अडकवून ठेवले आणि तो कंपनीचा वकील आहे, अशी हूल उठवली. जोरावरसिंह त्या बातमीने थबकला आणि वरून खुलासा येईपर्यंत थांबला. हा माणूस अंगावर धावून जाणारा होता, असे ज्यांना वाटते त्यांनी हा प्रसंग ध्यानात घ्यावा.

लडाख जिंकणे आणि राखणे या मात्र दोन गोष्टी ठरल्या. 1839 पर्यंत तिथे पुन्हा पुन्हा उठाव झाले. काश्मीरच्या सुभेदारानेही त्यांना फूस दिली, कारण लोकरीची वाट जम्मूकडे वळलेली त्याला नको होती. जोरावरसिंह दर वेळी किश्तवाडहून किंवा झंस्करमार्गे उंच खिंडी ओलांडून परत आला. त्याने लेहला किल्ला बांधला, राजे बदलले, वसूल वाढवला. कारगिलकडच्या पुरिगचा उठावकरी सुकामिर हाती लागला, तेव्हा लोकांना दहशत बसावी म्हणून त्याचा उजवा हात आणि जीभ कापवली. हे सांगताना मला बरे वाटत नाही, पण सांगितलेच पाहिजे. जम्मूत जोरावरसिंह वीर आहे. लडाखच्या कित्येक घरांत त्याचे नाव आजही वेगळ्या भावनेने घेतले जाते. त्या फौजेची ओझी वेठीला धरलेल्या लडाखी शेतकऱ्यांनी आणि त्यांच्या तट्टांनी वाहिली. भरपावसाळ्यात आपल्याकडच्या शेतकऱ्याचे बैल कुणी ओढून न्यावेत, तसाच तो घाला होता. लडाखमध्ये पिकाचा हंगाम जेमतेम चार महिन्यांचा. त्या चार महिन्यांत तट्टू आणि कर्ता पुरुष घराबाहेर गेला की पुढच्या हिवाळ्यात घरात दाणा कमी पडतो. उठावांचे मूळ मला त्या रिकाम्या कणगीत दिसते.

1839च्या जूनमध्ये रणजितसिंह वारला. तीन वर्षांपूर्वी जोरावरसिंहाने त्याच्यापुढे तिबेटकडे जाण्याची कल्पना मांडली होती, तेव्हा त्याने ती मोडीत काढली होती. आता लाहोरचा तो लगाम सैल झाला. त्याच हिवाळ्यात जोरावरसिंह सिंधूच्या काठाने बल्तिस्तानात उतरला. निमित्तही तयार होते: स्कर्दूचा राजा अहमद शाह आणि त्याने वारसा नाकारलेला मुलगा मुहम्मद शाह यांचे भांडण. मुलगा जोरावरसिंहाच्या आश्रयाला आला होता.

बल्तींनी सिंधूवरचे पूल तोडले. पुढे पाठवलेली एक मोठी तुकडी जवळजवळ पुरती कापली गेली. बर्फ पडू लागला, अन्न संपत आले, आणि सारी फौज नदीच्या एका काठावर अडकली. सुटका केली ती मेहता बस्तीराम या त्याच्या सरदाराने आणि दा गावच्या दरद लोकांनी. नदी दोन्ही काठांकडून गोठत आली होती, मधला पट्टा तेवढा वाहता राहिला होता. तिथे फांद्या-काटक्या टाकून त्यावर बर्फ धरू द्यायचा, पुन्हा फांद्या टाकायच्या, असे करत त्यांनी एका रात्रीत माणसाचे वजन पेलेल असा बर्फाचा पूल जमवला. बस्तीराम मूठभर माणसे घेऊन पलीकडे गेला. त्यांतल्या बऱ्याच जणांचे हातपाय हिमदंशाने गेले, काही दगावले. पण पलीकडचा काठ मिळाला, मग फौज उतरली, बल्ती मागे हटले आणि स्कर्दूचा खरपोचो किल्ला पडला. वर्षाला 7,000 रुपयांच्या खंडणीवर मुहम्मद शाह गादीवर बसला. फौजेबरोबर सक्तीने नेलेला लडाखचा वृद्ध राजा त्सेपाल नामग्याल याच मोहिमेत देवीच्या साथीने वारला.

आता या दोन हिवाळ्यांची उंची बघा. सुरूचे खोरे 3,000 मीटर. दा गावाजवळची सिंधू त्याहूनही थोडी खाली, आणि स्कर्दू तर 2,200 मीटरच्या आसपास. दोन्ही ठिकाणी लाकूड, घरे आणि धान्य साठवणारी गावे होती. गोठलेली नदी तर शत्रूपेक्षा त्याच्याच उपयोगी पडली. हिवाळा जपून वापरला तर आपला होतो, हा धडा त्याच्या आणि त्याच्या सरदारांच्या मनात पक्का बसला असणार. मी त्याच्या जागी असतो तर माझ्याही मनात बसला असता.

मे 1841 मध्ये तिबेटची स्वारी निघाली. लडाख जिंकूनही लोकरीचा ओघ पुरता जम्मूकडे आला नव्हता. युद्धाच्या धामधुमीत पश्चिम तिबेटातले व्यापारी सतलजच्या वाटेने रामपूर-बुशहरला, म्हणजे इंग्रजांच्या छायेखाली, माल उतरवू लागले होते. तेव्हा नाके धरून भागत नाही, लोकर जिथे निघते ती जागाच धरावी, असा हा विचार. हक्काचे कारणही पुढे केले: रुडोक, गुगे आणि पुरांग हे प्रदेश सतराव्या शतकापर्यंत लडाखच्या राजांचे होते, आणि लडाखचे ते आता जम्मूचे. काळही सोयीचा वाटला. चीन इंग्रजांबरोबरच्या अफूच्या युद्धात गुंतला होता, आणि इंग्रज स्वतः काबूलमध्ये अडकले होते.

फौज तीन वाटांनी गेली. मुख्य भाग घेऊन जोरावरसिंह पँगाँग सरोवराच्या बाजूने रुडोककडे. लडाखी राजघराण्यातला नोनो सुंगनाम सिंधूच्या काठाने. आणि गुलाम खान दक्षिणेच्या डोंगरकडेने. गुलाम खानाच्या टोळीने वाटेतले मठ लुटले. मला ही या मोहिमेतली मोठी चूक वाटते, आणि ती केवळ नीतीची नव्हे. त्या मुलखात मठ हेच धान्याचे कोठार, सावकार आणि बातम्यांचे केंद्र. मठ लुटला की त्या दिवसापुरते पोते मिळते, पण पुढे महिनाभर कुणी मेंढी विकत नाही, वाट दाखवत नाही, आणि शत्रू कुठल्या खिंडीतून येतो आहे हे सांगत नाही.

जूनच्या सुरुवातीला रुडोक पडले. मग गारतोक. ऑगस्टमध्ये मिस्सरजवळ तिबेटी फौज मोडली, आणि 6 सप्टेंबरला तक्लाकोटचा किल्ला हाती आला. लडाखच्या हद्दीपासून नेपाळच्या सीमेपर्यंत सुमारे सव्वासातशे किलोमीटरचा पट्टा त्याने साडेतीन महिन्यांत घेतला.

आता हिशेब मांडू. माणशी रोज एक शेर पीठ, म्हणजे किलोला थोडे कमी, धरा. पाच हजार माणसांना रोज सुमारे साडेचार टन लागले. डोंगरात तट्टू 70-80 किलो वाहते. म्हणजे एका दिवसाच्या पिठाला साठ तट्टे, आणि साडेतीन महिन्यांना सहा हजारांहून अधिक तट्टांचे ओझे. यात दाणावैरण, दारूगोळा, तंबू काहीच धरलेले नाही. इतकी जनावरे साऱ्या लडाखमधून गोळा करूनही भागली नसती. याचा अर्थ स्पष्ट आहे: ही फौज घरून आणलेल्या शिध्यावर गेली नाही, ती चालता चालता त्या मुलखावर जगली. उन्हाळ्यात ते शक्य होते. तिथे लोकरीचे आणि मिठाचे तांडे मेंढ्यांच्या पाठीवरून चालतात. एक मेंढी दोन छोट्या थैल्यांत मिळून दहा-बारा किलो वाहते, वाटेत चरते, आणि गरज पडली तर मारून खाता येते. चारा फुकट, जळणाला याकचे वाळलेले शेण. जून ते सप्टेंबर हे चालते. ऑक्टोबरात गवत सुकते, मेंढपाळ आपले कळप घेऊन आडबाजूच्या खोऱ्यांत निघून जातात, आणि फौजेपुढे उरते ते रिकामे पठार.

यातूनच तक्लाकोटचे महत्त्व कळते. तिथले पुरांगचे खोरे कर्णाली नदीकाठी, चार हजार मीटरच्या थोडे खाली आहे. रुडोकपासून पूर्वेच्या मायुम खिंडीपर्यंतच्या त्या साऱ्या पसाऱ्यात जवाचे म्हणण्यासारखे पीक येते ते तिथेच. शिवाय लिपुलेखमार्गे कुमाऊँचा आणि खालून नेपाळचा धान्यव्यापार तिथे येऊन मिळतो. जोरावरसिंह इतक्या आग्नेयेला का गेला, असा प्रश्न अनेक जण करतात आणि उत्तर त्याच्या महत्त्वाकांक्षेत शोधतात. महत्त्वाकांक्षा होतीच. पण पुरवठ्याच्या अंगाने पाहिले तर तक्लाकोट न घेता त्या प्रदेशात राहताच आले नसते. तिथे त्याने बस्तीरामाला सुमारे 500 माणसांसह ठेवले, शेजारी ची-तांगला आणखी एक ठाणे बांधले, आणि स्वतः मानसरोवराच्या पश्चिमेला तीर्थपुरीला मुक्काम केला. मायुमच्या खिंडीवर पहारा बसवला, कारण ल्हासाकडून येणारा हमरस्ता तिथून येतो.

मग तो परत का फिरला नाही? तक्लाकोट पडले तेव्हा सप्टेंबर उजाडला होता. लेह सातशे किलोमीटरांवर. लगेच निघाला असता तर ऑक्टोबरात फौज घरी पोचली असती, पण साऱ्या उन्हाळ्याची कमाई सोडून, आणि लोकरीच्या सौद्यांवर काहीही ठरवून न घेता. ठाणी सोडून मुख्य फौज न्यावी, तर वसंतापर्यंत ती ठाणी एकेकटी मारली गेली असती. त्याने तिसरा मार्ग घेतला: ठाणी पेरून बसायचे, खिंडी बर्फाने बंद झाल्या की शत्रूही येऊ शकणार नाही, आणि वसंतात वाटाघाट किंवा लढाई. सुरू खोऱ्यात हेच केले होते आणि फळले होते.

चूक इथे झाली, आणि ती तीन ठिकाणी आहे. पहिली उंची. हजार मीटर वर गेले की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. सुरू खोऱ्यापेक्षा मानसरोवर दीड हजार मीटर वर, म्हणजे नुसत्या उंचीपोटी दहा अंश जास्त थंडी, त्यात उघड्या पठारावरचा वारा. साडेचार हजार मीटरवर हवेतला प्राणवायू समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांहूनही कमी. माणूस तिथे सरावतो, पण पोट भरलेले नसेल तर महिन्याभरात आटत जातो. वर तैनात असलेल्या धडधाकट जवानांचीही भूक मेलेली आणि झोप उडालेली मी पाहिली आहे, आणि आमच्याकडे रॉकेलच्या शेगड्या होत्या. त्याच्या डोग्रा (जम्मूच्या) आणि किश्तवाडी शिपायांकडे झाडाची एक फांदीही नव्हती.

दुसरी चूक खिंडीच्या भरवशाची. मायुमवर पहारा होता, म्हणून तिबेटी फौज मात्सांगच्या वाटेने वळसा घालून आली. बर्फाने खिंड बंद होते ती परक्याला. ज्यांची तिथे घरे आहेत, ज्यांचे याक छातीभर बर्फातून वाट पाडतात, त्यांना ती हिवाळ्यातही उघडता येते. तिबेटी फौज संख्येने जास्त होती, लोकरीच्या जाड कपड्यांत होती, आणि टप्प्याटप्प्याला जनावरे व दाणा पुरवणारी वेठीची जुनी पद्धत तिच्या दिमतीला होती. रसदीच्या शर्यतीत यजमानच जिंकला.

तिसरी चूक, फौज विखुरली. नोव्हेंबरात ल्हासाची फौज तक्लाकोट आणि तीर्थपुरी यांच्या मधे येऊन बसली. मुख्य छावणी आपल्या धान्याच्या कोठारापासून तुटली. वाट मोकळी करायला जोरावरसिंहाने आधी एक तुकडी पाठवली, ती कापली गेली. मग नोनो सुंगनाम आणि गुलाम खान यांच्याबरोबर दुसरी, तीही संपली. दोन्ही वेळा त्याने थोडी माणसे पाठवली, कारण मोठ्या तुकडीला वाटेत खायला घालता आले नसते असे मला वाटते. कागदावर हा डावपेचातला दोष दिसतो. मला त्यामागे रिकामी पोती दिसतात.

शेवटी तो स्वतः उरलेली फौज घेऊन तक्लाकोटकडे निघाला. तिथून थोड्याच अंतरावर, तोयोच्या मैदानात, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गाठ पडली. बस्तीरामाने पुढे अलेक्झांडर कनिंगहॅम या इंग्रज अधिकाऱ्याला जी हकीगत सांगितली, तिच्यात या दिवसांचे वर्णन आहे. निम्म्या शिपायांना हात वापरता येत नव्हते. काहींनी क्षणभर ऊब मिळावी म्हणून बंदुकांचे लाकडी दस्ते जाळले. सैनिक आपली बंदूक जाळतो तेव्हा त्याची काय गत झालेली असते, हे वेगळे सांगायला नको. 12 डिसेंबर 1841 रोजी जोरावरसिंहाच्या उजव्या खांद्याला गोळी लागली. त्याने तलवार डाव्या हातात घेतली. मग भाल्याने त्याला गाठले.

लाहोर दरबारामार्फत इंग्रजांनी तिबेट सोडण्यासाठी त्याला 10 डिसेंबरची मुदत घातली होती. रामपूरची लोकर बंद पडल्याने ते अस्वस्थ होते, आणि जम्मू व नेपाळ यांच्या सीमा एकमेकींना भिडतील ही भीतीही त्यांना होती. पण त्या आज्ञेचा त्याच्या निर्णयावर परिणाम झाला असेल असे मला वाटत नाही. नोव्हेंबरातच परतीच्या वाटा हातातून गेल्या होत्या.

तक्लाकोटच्या किल्ल्यातून बस्तीराम आपली माणसे घेऊन लिपुलेखमार्गे कुमाऊँत उतरला. पाच हजार मीटरवरची ती खिंड भर हिवाळ्यात ओलांडताना त्यातले बरेच जण गोठून मेले. उरलेल्यांना अल्मोड्याच्या बाजूला आसरा मिळाला. शेकडो जण कैद झाले. त्यांतले जे पंधरा वर्षांनी जिवंत होते त्यांची सुटका 1856च्या नेपाळ-तिबेट तहाच्या एका कलमाने झाली. काही तोवर तिथेच संसार मांडून राहिले होते. तोयोला तिबेटी लोकांनी जोरावरसिंहाच्या नावाने छोर्तेन, म्हणजे बौद्ध स्तूप, उभारला. शत्रूच्या सेनापतीचे स्मारक बांधून त्याला मान देणारी ही माणसे होती, हे आपण विसरू नये. लिपुलेखच्या वाटेने मानसरोवराला जाणारे महाराष्ट्रातले यात्रेकरू तक्लाकोटला मुक्काम करतात, पण त्यांतल्या फार थोड्यांना ही जागा जवळ असल्याचे माहीत असते.

1842च्या वसंतात तिबेटी फौज लेहपर्यंत आली. तेव्हा पारडे उलटे फिरले, आणि नियम तोच होता. आता घरापासून लांब तिबेटी होते. दिवाण हरिचंद आणि वजीर रतनू ताजी कुमक घेऊन आले, तिबेटी मागे हटत पँगाँगच्या बाजूला गेले, आणि डोग्रांनी ओढा अडवून त्यांच्या छावणीत पाणी सोडले. त्याच सप्टेंबरात तह झाला: जुन्या सीमा कायम, आणि लोकर व चहाचा व्यापार पूर्वीप्रमाणे लडाखमार्गे. 1846च्या अमृतसरच्या तहाने गुलाबसिंहाला 75 लाख नानकशाही रुपयांना काश्मीर मिळाले. त्या तहात इंग्रजांना दरवर्षी द्यायच्या नजराण्यात एक घोडा, पश्मच्या बारा बकऱ्या आणि काश्मिरी शालींच्या तीन जोड्या आहेत. इतक्या रक्तपाताचे मूळ त्या यादीत दिसते.

म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर असे. फाजील आत्मविश्वास म्हणून हात झटकू नयेत. त्याने सिद्ध झालेली पद्धत, ती जिथे लागू होत नाही अशा उंचीवर वापरली. पठारावरचे लोक आधीच दुखावून ठेवले. आणि तक्लाकोट घेतल्यावर ठाणी पेरण्याऐवजी सारी फौज धान्याजवळ, पुरांगच्या खोऱ्यातच ठेवायला हवी होती. तीर्थपुरीचा मुक्काम त्याला भोवला. फौज एकत्र आणि कोठाराशेजारी असती तर तो जिंकलाच असता असे नाही, पण वसंतापर्यंत टिकला असता अशी माझी धारणा आहे.

आता लेहविषयी. शहरातच जोरावर किल्ला आहे, 1836चा. लष्कर त्याची देखभाल करते. तो अवश्य पहा. अलीकडे उंच प्रदेशासाठी बनवलेल्या हलक्या रणगाड्याला ‘जोरावर’ हे नाव दिले आहे, त्याची चर्चाही तिथे कानावर येईल. पण एवढ्यावर थांबू नका. कारगिल-लेह रस्त्यावर पश्कुम लागते, आणि पुढे बाझगोचा पडका किल्ला. सवड असेल तर कारगिलहून सांकूपर्यंत सुरू खोऱ्यात एक दिवस काढा. गावातली झाडे, छतांवरची वैरण, जवाची शेते नीट बघा, आणि मग लेहहून एखाद्या वेगळ्या दिवशी चांग ला ही खिंड ओलांडून पँगाँगच्या काठी उभे राहा. तिथली उंची सुमारे 4,250 मीटर, तरीही मानसरोवर त्याहून तीनशे मीटर वर. तिथे संध्याकाळी वारा सुटला की आसपास जाळायला काय सापडते ते शोधून पहा, तेही जूनमध्ये. लेहला पोचल्यावर पहिले दोन दिवस मात्र कुठेही चढू नका. भरपूर पाणी प्या आणि डोके दुखू लागले तर अंगावर काढू नका.